थँक्सगिव्हिंगच्या टर्कीबरोबर कोणती वाइन वाढावी

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे थँक्सगिव्हिंगचा सण, जवळ आला की अमेरिकेतील वाइनच्या दुकानांत टर्कीबरोबर कोणती वाइन चांगली, असे हमखास विचारले जाते. प्रश्नाचा रोख थोडा चुकलेला आहे. टर्की हे सौम्य चवीचे आणि कमी चरबीचे मांस आहे; ते जवळजवळ कोणत्याही वाइनशी जमवून घेते. जमवून घेत नाहीत ते तिच्याभोवती मांडलेले पदार्थ. क्रॅनबेरीचा आंबटगोड सॉस, मार्शमॅलो घालून भाजलेली रताळी, सेज आणि थाइमच्या वासाचे स्टफिंग, लोणी घालून घोटलेले बटाटे, मांसरसाची खारट आणि दाट ग्रेव्ही, तळलेल्या कांद्याचा थर दिलेले फरसबीचे कॅसरोल, हे सारे एकाच ताटात वाढले जाते आणि बहुधा एकमेकांत मिसळूनच खाल्ले जाते. पदार्थ एकामागून एक येत असते तर प्रत्येकासाठी वेगळी वाइन नेमता आली असती. येथे ती सोय नाही. म्हणून टर्कीचा विचार नंतर आणि ताटातील बाकीच्या पदार्थांचा विचार आधी करावा.

या पदार्थांत सर्वांत अडचणीचा घटक म्हणजे गोडी. गोड घास खाऊन कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, वाइन प्यायली की तिच्यातील फळाची चव मागे पडते आणि आंबटपणा व कडवटपणा पुढे येतो. रताळ्यांच्या कॅसरोलनंतर चांगली महागडी रेड वाइनही पातळ आणि रुक्ष लागते ती यामुळेच. दुसरा घटक म्हणजे आंबटपणा. क्रॅनबेरी मुळातच अत्यंत आंबट असते आणि आंबट पदार्थांपुढे वाइनचा स्वतःचा आंबटपणा कमी भासतो, त्यामुळे ज्या वाइनमध्ये तो मुळातच बेताचा असतो ती या सॉसपुढे निर्जीव वाटते. तिसरा मुद्दा तुरटपणाचा. द्राक्षांच्या साली, बिया आणि देठ यांतून, तसेच ओकच्या पिंपांतून उतरणारी टॅनिने लाळेतील प्रथिनांना बांधून ठेवतात आणि बिनदुधाच्या कडक चहाने पडावी तशी जीभ कोरडी पडते. चरबीदार स्टेकबरोबर हा तुरटपणा मवाळ होतो, पण टर्कीच्या छातीचे मांस आधीच कोरडे असल्यामुळे त्याला तसा आधार मिळत नाही. शिवाय ग्रेव्हीतील मांसरसाच्या दाट चवीमुळे टॅनिने अधिक कडवट लागतात.

यावरून निवडीची कसोटी ठरते: आंबटपणा भरपूर, तुरटपणा कमी, ओकचा वास नसलेला किंवा अगदी पुसट, अल्कोहोल साडेतेरा टक्क्यांच्या आत आणि शक्य असल्यास किंचित गोडी. अल्कोहोलची मर्यादा केवळ चवीसाठी नाही. हे जेवण अनेक घरांत दुपारी तीन-चारच्या सुमारास सुरू होऊन रात्रीपर्यंत चालते, आणि पंधरा टक्क्यांची वाइन घेऊन इतका वेळ बसणे पाहुण्यांना जड जाते. बाटलीवरील टक्केवारी वाचण्याची सवय या खरेदीपुरती तरी अवश्य लावून घ्यावी.

रेड वाइनमध्ये या कसोटीला सर्वांत चांगली उतरते ती फ्रान्सच्या बोजोले भागातील, गामे नावाच्या द्राक्षाची वाइन. हंगामाच्या नव्या वाइनला बोजोले नूव्हो म्हणतात आणि ती दरवर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीस येते, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या बरोबर एक आठवडा आधी. या योगायोगाचा विक्रेत्यांनी पुरेपूर लाभ घेतला आहे, आणि त्या आठवड्यात रंगीबेरंगी लेबलांच्या बाटल्या दुकानाच्या दारातच रचलेल्या दिसतात. नूव्हो तयार करताना द्राक्षांचे घड न चुरडता कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या टाकीत ठेवतात, त्यामुळे आंबण्याची क्रिया प्रत्येक द्राक्षाच्या आतच सुरू होते, रंग आणि फळाचा वास उतरतो, पण तुरटपणा फारसा उतरत नाही. ती हलकी आणि गमतीची वाइन आहे, आणि पाहुणे येऊन कोट काढत असताना थंड करून हातात देण्यास ठीक आहे. मुख्य जेवणासाठी मात्र थोडे अधिक पैसे खर्चून याच भागातील दहा नामांकित क्रूंपैकी, म्हणजे स्वतःच्या नावाने वाइन विकणाऱ्या परिसरांपैकी, एखाद्याची बाटली घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. मॉर्गों, फ्लरी, मूलाँ-आ-व्हाँ, ब्रुई आणि ज्युलिएना ही त्यांतील दुकानांत सहज आढळणारी नावे. या बाटल्यांवर त्या त्या क्रूचे नाव ठळक असते आणि बोजोले हा शब्द अनेकदा दिसतही नाही, म्हणून नावे लिहून न्यावीत. फ्लरी नाजूक असते, तर मॉर्गों आणि मूलाँ-आ-व्हाँ अधिक भरीव. वीस ते तीस डॉलरमध्ये मिळणारी मॉर्गोंची बाटली या ताटासमोर साठ डॉलरच्या अनेक वाइनांपेक्षा सरस ठरते.

अमेरिकी वाइनच हवी असेल तर पिनो न्वार घ्यावी, आणि शक्यतो ऑरेगन राज्यातील विलामेट खोऱ्याची. तेथील हवामान थंड असल्यामुळे द्राक्षांत आंबटपणा टिकून राहतो, चेरी आणि क्रॅनबेरीसारख्या लाल फळांचा वास येतो आणि टॅनिने मऊ असतात. ऑरेगनच्या कायद्याचाही येथे उपयोग होतो: लेबलवर पिनो न्वार असे लिहायचे असेल तर बाटलीत किमान ९० टक्के तेच द्राक्ष असावे लागते, तर देशपातळीवरील नियमाला ७५ टक्के पुरतात. स्वस्त कॅलिफोर्नियन पिनोमध्ये उरलेल्या हिश्श्यात कधी कधी गडद आणि जड द्राक्षे मिसळलेली असतात व ती वाइन जाड आणि गोडसर लागते, ती येथे नको. कॅलिफोर्नियाचीच हवी असेल तर सोनोमा परगण्यातील रशियन रिव्हर व्हॅली किंवा सोनोमा कोस्ट ही नावे लेबलवर शोधावीत.

झिनफँडेलचा आग्रह धरणारे पुष्कळ भेटतात. अमेरिकी सण आहे, तेव्हा अमेरिकी द्राक्षच हवे, हा त्यांचा युक्तिवाद असतो. हे द्राक्ष मुळात एड्रियाटिक किनाऱ्यावरचे आहे; २००१ साली डीएनए तपासणीतून ते क्रोएशियातील त्सर्लिएनाक काश्तेलान्स्की या जुन्या वाणाशी एकरूप असल्याचे सिद्ध झाले. अर्थात कॅलिफोर्नियात ते दीड शतकाहून अधिक काळ रुजलेले आहे, त्यामुळे परके म्हणून त्याला नाकारण्याचे कारण नाही. खरी अडचण आहे ती त्यातील अल्कोहोलची. पंधरा टक्क्यांच्या झिनफँडेल सर्रास मिळतात. टर्की धुरावर शिजवलेली असेल, तिच्यावर गोड-तिखट बार्बेक्यू लेप असेल किंवा स्टफिंगमध्ये मसालेदार सॉसेज असेल, तर मात्र झिनफँडेल शोभते. चौदा टक्क्यांच्या आसपासची बाटली शोधून घ्यावी आणि ग्लासात कमी ओतावी.

कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्याच्या कॅबर्ने सोव्हिन्यों या वाइनबद्दल स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे, कारण यजमानाचा मान राखायचा म्हणून पाहुणे बहुधा तीच घेऊन येतात. या जेवणासाठी तिच्याइतकी अयोग्य दुसरी वाइन क्वचितच असेल: तुरट, ओकच्या पिंपात मुरलेली, जड. भेट म्हणून आलेली बाटली त्याच वेळी उघडलीच पाहिजे असा शिष्टाचार नाही. आभार मानून ती बाजूला ठेवणे पूर्णपणे रीतीला धरून आहे. पाहुण्याची ती चाखण्याची इच्छा दिसली तर ती जगमध्ये ओतून तासभर हवेशीर ठेवावी आणि टर्कीच्या तंगडीच्या मांसाबरोबर द्यावी. ते मांस छातीच्या मांसापेक्षा गडद, चरबीदार आणि चवीला दाट असल्याने कॅबर्नेचा तुरटपणा त्यातल्या त्यात पेलू शकते. जेवण आटोपल्यावर जुन्या चेडर चीजबरोबर ती अधिक खुलते.

व्हाइट वाइनमध्ये पहिली पसंती रीजलिंगला द्यावी. तिचा आंबटपणा धारदार असतो, ओकचा स्पर्श सहसा नसतो आणि अल्कोहोल बेताचे असते. क्रॅनबेरीपुढे ती मागे सरत नाही, आणि थोडी गोडी असलेली निवडली तर रताळ्यांसमोरही तग धरते. न्यू यॉर्क राज्यातील फिंगर लेक्सचा प्रदेश रीजलिंगसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कडाक्याच्या थंडीत युरोपीय द्राक्षे जगणार नाहीत असे मानले जात असताना डॉ. कॉन्स्टंटिन फ्रँक या स्थलांतरित द्राक्षतज्ज्ञाने ती लावून दाखवली आणि १९६२ साली स्वतःची वायनरी काढली. रीजलिंगबाबत लोकांची तक्रार एकच असते, की ती गोड निघेल की कोरडी हे बाटली पाहून कळत नाही. त्यासाठी दोन खुणा पाहाव्यात. अनेक बाटल्यांच्या मागील बाजूस कोरडी ते गोड अशी एक आडवी पट्टी छापलेली असते आणि वाइनचे स्थान तिच्यावर बाणाने दाखवलेले असते. पट्टी नसेल तर अल्कोहोलचा आकडा पाहावा: जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातील काबिनेट प्रकारच्या बाटलीवर आठ-नऊ टक्के असे लिहिलेले असेल तर द्राक्षांतील साखर पूर्णपणे आंबलेली नाही, म्हणजे वाइन गोडसर आहे, साडेबारा टक्के असेल किंवा ट्रोकेन हा जर्मन शब्द छापलेला असेल तर ती कोरडी आहे. या जेवणासाठी दोहोंच्या मधली, पट्टीवर मध्यम-कोरडी दाखवलेली वाइन सर्वांत सोयीची.

रीजलिंग न आवडणाऱ्यांसाठी शेनिन ब्लां आहे. नाशिकच्या वाइनशी परिचय असलेल्या मराठी वाचकांना हे द्राक्ष नवे नाही; सुला कंपनीने २००० साली ज्या वाइनांनी सुरुवात केली त्यांत शेनिन ब्लां होती, आणि महाराष्ट्रातील अनेकांनी व्हाइट वाइनचा पहिला घोट तिचाच घेतलेला असतो. फ्रान्समधील ल्वार खोऱ्यातील वूव्रे गावची वाइन याच द्राक्षाची, पण तेथील थंड हवेमुळे अधिक आंबट आणि खोल चवीची असते. लेबलवर सेक म्हणजे कोरडी आणि दमी-सेक म्हणजे मध्यम गोड. टर्कीच्या ताटासाठी दमी-सेक चालते, आणि अनेकदा सेकपेक्षा अधिक जुळते. शार्दोने घ्यायचीच असेल तर ओकचा वापर नसलेली घ्यावी. कॅलिफोर्नियाच्या काही शार्दोनेंना लोण्यासारखा वास असतो. त्या घोटलेल्या बटाट्यांबरोबर छान लागतात आणि क्रॅनबेरी जिभेवर येताच बिघडतात.

फसफसणारी वाइन लोक स्वागतापुरती ठेवतात आणि जेवण सुरू होताच बाजूला सारतात, हे मला पटत नाही. तिच्यातील आंबटपणा आणि बुडबुडे लोणी, ग्रेव्ही आणि तळलेल्या कांद्याचा जडपणा प्रत्येक घोटासरशी धुऊन काढतात, आणि टर्की अंगणात मोठ्या पातेल्यात तेलात तळलेली असेल तर तिच्यासाठी याहून योग्य वाइन नाही. शँपेन घेण्याची गरज नाही. स्पेनची काव्हा किंवा फ्रान्सची क्रेमाँ यांतही शँपेनप्रमाणेच दुसऱ्यांदा आंबण्याची क्रिया बाटलीत होते आणि किंमत बरीच कमी असते. लेबलवरील एक गोष्ट फसवी आहे: ब्रूट म्हणजे कोरडी, पण एक्स्ट्रा ड्राय असे लिहिलेली वाइन ब्रूटपेक्षा थोडी गोड असते. या एका जेवणासाठी एक्स्ट्रा ड्राय प्रोसेको, ही इटलीची फसफसणारी वाइन, घेतली तरी बिघडत नाही. उलट गोड पदार्थांजवळ तिचा उपयोगच होतो. रेड आणि व्हाइट अशा दोन्ही पक्षांना खूश ठेवणारी रोझे, म्हणजे गुलाबी, वाइन उन्हाळ्यापुरतीच असते हा समज सोडून द्यावा. फ्रान्समधील ताव्हेलची गडद आणि भरीव रोझे नोव्हेंबरातही चांगली लागते.

न्यू जर्सी, बे एरिया किंवा टेक्सासमधील मराठी घरांत टर्की बहुधा शेजाऱ्यांच्या पद्धतीने केली जात नाही. दही, आले, लसूण आणि गरम मसाला चोळून रात्रभर मुरवलेली टर्की, बाजूला मसालेभात आणि शाकाहारी पाहुण्यांसाठी पनीरचा किंवा भाजलेल्या भोपळ्याचा पदार्थ असा बेत असेल तर हिशोब थोडा बदलतो. तिखटाने होणारी जळजळ अल्कोहोलने वाढते आणि तुरटपणाने अधिक बोचरी होते, म्हणून अशा घरी रेड वाइनचे प्रमाण कमी करून रीजलिंग आणि गेवुर्त्सट्रामिनर यांचे वाढवावे. गेवुर्त्सट्रामिनरला लिची आणि गुलाबाचा वास असतो. दालचिनी, लवंग, आले यांच्याशी तिचे विशेष जमते, मात्र तिच्यात आंबटपणा कमी असल्यामुळे क्रॅनबेरी सॉसपासून तिला दूर ठेवावे. रेड हवीच असेल तर बोजोले अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून द्यावी.

शाकाहारी पाहुण्यांच्या बाबतीत आणखी एक तपशील बहुतेकांना ठाऊक नसतो. वाइन नितळ करण्यासाठी काही उत्पादक अंड्याचा पांढरा बलक, दुधातील केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या वाताशयापासून काढलेले आयसिंग्लास वापरतात. हे पदार्थ गाळासोबत खाली बसतात आणि काढून टाकले जातात, तरी कटाक्षाने पाळणाऱ्यांना ते चालत नाही. अशा पाहुण्यांसाठी व्हीगन असा उल्लेख असलेली किंवा न गाळलेली व नितळ न केलेली वाइन घ्यावी. न पिणाऱ्यांसाठी फसफसणारा सफरचंदाचा रस आणावा. अमेरिकेत नुसते सायडर म्हणजे न आंबवलेला रस आणि हार्ड सायडर म्हणजे मद्य, हा फरक खरेदी करताना ध्यानात असावा.

आता प्रमाण. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच ग्लास होतात. लांबलेल्या जेवणात पिणाऱ्या प्रत्येक माणसामागे अर्धी ते दोन तृतीयांश बाटली धरावी, म्हणजे दहा जणांना पाच ते सात बाटल्या लागतील. सात बाटल्या घ्यायच्या तर मी दोन काव्हाच्या, दोन रीजलिंगच्या आणि तीन मॉर्गों किंवा पिनो न्वारच्या घेईन, आणि जेवण सुरू होताना तिन्ही प्रकार एकाच वेळी टेबलावर ठेवीन. ताट जितके मिश्र तितके ज्याचे त्याला निवडू देणे अधिक शहाणपणाचे, आणि कोणत्या घासाबरोबर कोणता घोट हे समजावून सांगण्याच्या फंदात यजमानाने पडू नये. एकच भारी बाटली आणण्यापेक्षा त्याच पैशांत तीन मध्यम बाटल्या आणणे या सणाला केव्हाही श्रेयस्कर.

खरेदी बुधवारवर ढकलू नये. कॅलिफोर्नियात वाइन सुपरमार्केटमध्ये सहज मिळते, पण न्यू यॉर्क राज्यात किराणा दुकानांना वाइन विकता येत नाही आणि न्यू जर्सीत परवान्यांवरील मर्यादेमुळे बहुतेक सुपरमार्केटांत ती नसते. मॅसॅच्युसेट्समध्ये मद्याची दुकाने थँक्सगिव्हिंगच्या दिवशी कायद्यानेच बंद असतात. नव्याने अमेरिकेत आलेल्या कुटुंबांना हे नियम अनेकदा गुरुवारी दुपारीच कळतात.

वाढण्याच्या तापमानाकडे फार थोडे यजमान लक्ष देतात, आणि चांगली वाइन सर्वाधिक बिघडते ती येथेच. नोव्हेंबरात घरात हीटर चालू असतो, ओव्हन सकाळपासून तापलेला असतो, आणि टेबलावरची रेड वाइन पाहता पाहता पंचवीस अंशांवर जाते. मग अल्कोहोलचा वास नाकात भरतो आणि फळ हरवते. बोजोले आणि पिनो न्वार तेरा ते पंधरा अंश सेल्सिअसवर द्यावी, म्हणजे वाढण्यापूर्वी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. व्हाइट वाइनचे उलट होते: चार अंशांच्या फ्रिजमधून थेट काढलेली रीजलिंग मुकी लागते, म्हणून ती पंधरा-वीस मिनिटे आधी बाहेर काढावी. फ्रिजमध्ये टर्कीमुळे जागा उरली नसेल तर बादलीत अर्धा बर्फ आणि अर्धे पाणी घेऊन त्यात मूठभर मीठ घालावे. नुसत्या बर्फापेक्षा हे मिश्रण बाटली फार लवकर, साधारण वीस मिनिटांत, थंड करते.

गोड पदार्थांच्या वेळी मात्र जेवणाच्या बाटल्या उचलून ठेवाव्यात. भोपळ्याच्या, पेकानच्या किंवा सफरचंदाच्या ‘पाय’ या भाजलेल्या गोड पदार्थासमोर कोरडी वाइन उभीच राहू शकत नाही. वाइन पदार्थाइतकी किंवा त्याहून गोड असली पाहिजे, आणि या नियमाला माझ्या माहितीत अपवाद नाही. भोपळ्याच्या पायमधील दालचिनी आणि जायफळाला दहा वर्षांची टॉनी पोर्ट, ही पोर्तुगालची गोड आणि कडक वाइन, उत्तम साथ देते, कारण पिंपात वर्षानुवर्षे मुरल्यामुळे तिच्यातच सुक्या मेव्याची आणि कॅरमेलची चव आलेली असते. पेकान पायला तशीच कडक मदीरा, विशेषतः बुआल या गोड प्रकारची, आणि सफरचंदाच्या पायला उशिरा तोडलेल्या द्राक्षांची रीजलिंग द्यावी. जड काही नको असेल तर इटलीची मोस्कातो दास्ती आणावी. तिच्यात अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपासच असते. पोर्ट आणि मदीरा साठ-सत्तर मिलिलिटरच्या छोट्या मापाने द्याव्यात, म्हणजे एक बाटली दहा जणांना पुरून उरते.

उरलेल्या वाइनचे बूच लगेच लावून, रेड असली तरी, बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. व्हाइट आणि रोझे तीन ते पाच दिवस, बोजोले व पिनो तीन दिवस चांगल्या राहतात. फसफसणारीला पकड असलेले खास झाकण लावले तरच तिचे बुडबुडे दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतात. शुक्रवारच्या थंड टर्कीच्या सँडविचबरोबर आदल्या दिवशीची बोजोले फ्रिजमधून काढून दहा मिनिटांनी प्यावी. मदीरा उघडल्यावरही कित्येक महिने आणि टॉनी पोर्ट तीन-चार आठवडे टिकते, म्हणजे नाताळपर्यंत पुन्हा घेण्याची आवश्यकता पडत नाही.